संध्याकाळी उमलणारी ठिपकेवाली पाहिजे: परड्यातल्या आयरिस क्रॉसच्या नोंदी

१३ फेब्रुवारी २०२२

बरेच दिवस डोक्यात घोळत होतं ते आज एकदाचं वहीत घेतलं. आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घराच्या परड्यात नळाशेजारी ठिपकेवालीचा जुना गड्डा आहे, सासूबाईंच्या माहेराहून खानापूरकडनं आलेला. केशरी रंगाच्या सहा सारख्या पाकळ्या, त्यावर लाल ठिपके. नर्सरीवाले लिली म्हणून विकतात पण ही लिली नाही, आयरिस आहे, आयरिस डोमेस्टिका. आधी बेलमकांडा चायनेन्सिस नाव होतं, हॉर्टस मलबारिकस या मलबारच्या वनस्पतींवरच्या जुन्या ग्रंथात सुद्धा आहे ही, मग २००५ साली डीएनएच्या आधारावर तिला आयरिसमध्ये घातली. आणि अगदी सुरुवातीला १७५३ मध्ये झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं हिला ऑर्किडच्या खात्यात टाकलं होतं, एपिडेंड्रम म्हणून! म्हणजे शिक्क्यापुरतं घर बदलत राहिलेली बाई.

माझी तिच्याबद्दल तक्रार एकच. ती सकाळी सातच्या सुमारास उमलते, आणि मी ऑफिसातनं सहाला घरी येईपर्यंत मिटून, पिळून वाळत टाकलेल्या धोतरासारखी होऊन बसलेली असते. एक फूल एकच दिवस. सकाळी डबे, पाणी, पोरीची शाळेची रिक्षा, त्या गडबडीत फूल कोण बघतंय?

तर तिची एक लांबची बहीण आहे, आयरिस डायकोटोमा. सायबेरिया, मंगोलिया, उत्तर चीन तिकडची. फिक्कट जांभळी, फूल बारकं, आणि ती उमलते दुपारी तीन-चारनंतर, रात्री मिटते. दोघींची गुणसूत्रं ३२-३२. म्हणून यांचा क्रॉस, म्हणजे संकर, होतो आणि पोरं वांझ निघत नाहीत, जे दोन वेगळ्या जातींच्या क्रॉसमध्ये नेहमी मिळत नाही. हा क्रॉस काही मी पहिल्यांदा करत नाहीये, अमेरिकेत केंटकीतल्या ओवेन्सबोरोच्या सॅम्युअल नॉरिस यांनी तो केला, १९७२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ली लेन्झ यांनी त्याला पार्डनकांडा नॉरिसी नाव दिलं, आता आयरिस नॉरिसी म्हणतात आणि बाजारात कँडी लिली. तिकडे सगळे रंगांच्या मागे लागले, पिवळा गुलाबी जांभळा पट्टेवाला. मला रंग आहे तोच पाहिजे, वेळ तेवढी बदलून पाहिजे. संध्याकाळी सहाला उघडी असलेली केशरी ठिपकेवाली. बस.

२७ फेब्रुवारी २०२२

डायकोटोमाचं बी आलं. हिमाचलमधल्या ओळखीतल्या एका माळ्यानं स्वतःच्या झाडाचं पाठवलं. ठिपकेवालीचं बी काळंभोर गोल चकचकीत असतं, हे अगदीच वेगळं, तपकिरी, चपटं, दोन्ही टोकांना बारीक पडद्याचे पंख. वाऱ्यावर उडायची सोय असावी.

थंड मुलखातलं बी, त्याला थंडी दाखवल्याशिवाय ते नीट जागं होत नाही. बेळगाव कितीही थंड म्हटलं तरी डिसेंबरात पारा बारा-तेराच्या आसपास जातो, त्यात काय होणार. म्हणून ओल्या वाळूत मिसळून डबीत घातलं आणि फ्रिजमध्ये महिनाभर. सासूबाईंनी झाकण उघडून बघितलं, "वाळू कशाला गे फ्रिजात? दही ठेवायला जागा नाही." डबीवर मोठ्या अक्षरात "खायचं नाही" लिहून चिकटवलं.

३ एप्रिल २०२२

बी फ्रिजातनं काढून पेरलं. अर्धी वाळू, बाकी जांभ्याचा चाळलेला चुरा आणि थोडं जुनं शेणखत. कोकोपीट मुद्दाम टाळलं, पाणी धरून ठेवतं. आमच्या इकडची तांबडी माती पाणी सोडते ते बरंय, हेच चिकोडी-अथणीकडं काळ्या मातीत केलं असतं तर पावसाळ्यात गड्डे कुजून गेले असते.

२६ जून २०२२

रोपं बोटभर उंचीची आहेत. गच्चीवर पत्र्याखाली कुंड्या सरकवल्या. डायकोटोमा कोरड्या गवताळ उतारांवरचं झाड, तिला बेळगावचा जुलै उघड्यावर दाखवला तर संपलंच. ठिपकेवाली मात्र परड्यात पावसात मजेत उभी, तिला काही फरक पडत नाही.

ऑफिसातल्या एका बाईंनी विचारलं की आयरिसच करायची तर ती मोठी दाढीवाली का नाही, काश्मीरच्या फोटोत असते ती. तिला हिवाळ्याची खरी थंडी लागते, काही आठवडे, मगच कळी धरते. आपल्याकडं पानं येतात, हिरवी राहतात, फूल नाही. काही लोक पाच-पाच वर्षं वाट बघतात. आणि नर्सरीत "वॉकिंग आयरिस" म्हणून जी मिळते, पांढरी-निळी, तिचं मूळ दक्षिण अमेरिकेत, कूळ तेच असलं तरी आयरिस नव्हे, तिच्याशी यातल्या कुणाचाच क्रॉस होणार नाही.

११ सप्टेंबर २०२२

डायकोटोमाच्या एकाच रोपाला दांडा आला आणि आज पहिलं फूल. रविवार असल्यामुळं बसून बघितलं. दोन वाजता कळी घट्ट. तीनला टोकाचा पीळ सैल व्हायला लागला. साडेतीनच्या सुमारास एक बाहेरची पाकळी सुटली, मग बाकीच्या, आणि दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण उघडलं. ठिपकेवालीत मधली दांडी बारीक, टोकाला तीन फाटे, पुंकेसर उघडे. हिच्यात खरं आयरिसचं रूप आहे: मधल्या दांडीचे तीन भाग पाकळीसारखे चपटे, प्रत्येकाच्या टोकाला दुभंगलेला तुरा, आणि त्याच्याखाली लपलेला पुंकेसर. कुक्षी, जिथं पराग लागावा लागतो ती जागा, म्हणजे त्या तुऱ्याच्या खालच्या बाजूला असलेली बारीक ओठाची पट्टी. भिंगानं बघितल्याशिवाय दिसत नाही.

रात्री नऊला बघितलं, मिटलेलं.

ठिपकेवाली यंदा जवळजवळ संपलेली, त्यामुळं क्रॉस पुढच्या वर्षी.

२५ जून २०२३

मिरग सरला, पाऊस नाही. सगळीकडं पाण्याची बोंब, टँकर चालू आहेत. मी कुंड्यांना भांडी धुतलेलं साबणाविनाचं पाणी घालते. डायकोटोमा मात्र खूश, हिरवीगार, पाच-सहा कुंड्यांमध्ये दांडे यायच्या बेतात. आपल्या रडण्याच्या दिवसात ती हसतीय.

मावा आलाय दांड्यांवर. निपाणीच्या पाहुण्यांकडनं तंबाखूचा चुरा आणला होता, तो रात्रभर भिजवून, उकळून, गाळून, थोडा साबण घालून फवारला. मावा गेला, घरात मात्र दोन दिवस बिडीचा वास. हे करताना हातात प्लास्टिक पिशवी घालावी आणि पोरांना लांब ठेवावं, निकोटीन कातडीतनं आत जातं.

३० जुलै २०२३

आला एकदाचा, आणि आला तो सगळी भरपाई करायला. आठवडाभर धो धो. परड्यातल्या ठिपकेवालीला भरपूर फुलं आहेत पण क्रॉसला एकही उपयोगाचं नाही, पराग पाण्यात भिजला की दाणा फुगून फुटतो, कुक्षीवर लावून काही अर्थ नाही. म्हणून ठिपकेवालीचे दोन गड्डे कळ्यांसकट खणून कुंड्यांत घालून पत्र्याखाली आणले. त्यांनी मान टाकली नाही, चिवट जात.

६ ऑगस्ट २०२३

पाऊस एकदम थांबला. आज पहिले क्रॉस, पद्धत नीट लिहून ठेवते.

ठिपकेवाली आई असेल तर: आदल्या संध्याकाळी फुगलेली, रंग दिसणारी कळी हेरायची. सकाळी साडेसहाला, ती स्वतः उघडायच्या आत, बोटांनी अलगद पाकळ्या मोकळ्या करायच्या आणि भुवयांच्या चिमट्यानं तिन्ही परागकोश काढून टाकायचे. ते अजून फुटलेले नसले पाहिजेत, पिवळी पावडर दिसली तर ते फूल सोडून द्यायचं. ठिपकेवाली स्वतःच्या परागानं पण बोंड धरते म्हणून हे सोडता येत नाही. मग मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी घालून दोऱ्यानं बांधायची, नाहीतर मधमाशा आठ वाजता हजर. दुपारी चारला डायकोटोमा उघडली की तिचा परागकोश चिमट्यात धरून ठिपकेवालीच्या तिन्ही टोकांवर हलकेच फिरवायचा. पिशवी परत.

उलट करायचं तर, म्हणजे डायकोटोमा आई: ठिपकेवालीचे फुटलेले परागकोश सकाळीच काढून कागदावर, बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुडीबरोबर स्टीलच्या डबीत, फ्रिजात. चारला डबी बाहेर काढायची. डायकोटोमाचे पुंकेसर ती उघडता उघडता काढायचे, मग तुरा एका बोटानं वर धरून खालची पट्टी मोकळी करायची आणि पराग तिच्यावर टेकवायचा. हे काम किचकट आहे, फूल लहान आणि पट्टी नखाच्या कडेएवढी.

खुणेसाठी दोरे. आमच्या बाजूला मामांचा हातमाग आहे, त्यांच्याकडं साड्यांचे उरलेले रंगीत दोरे पोत्यानं पडलेले असतात. आई ठिपकेवाली तर लाल, आई डायकोटोमा तर निळा, आणि नुसतंच झाकून ठेवलेलं, काही न लावलेलं फूल पांढरा, ते तपासणीला. मामा भिंतीवरनं बघत होते, "काय गे, फुलांचं लगीन लावालीस काय? मग मंगळसूत्र सोन्याचं घाल की, सूत कशाला?"

२० ऑगस्ट २०२३

अडचण आहे ती चार वाजताची. सकाळचं मी करते, पण आठवड्यात चारला मी ऑफिसात. शनिवार-रविवारवर भागवलं तर अर्ध्या कळ्या वाया. यावर उत्तर घरातच होतं. सासूबाईंना भिंग आणि चिमटा देऊन एकदा दाखवलं. त्यांनी आयुष्यभर मोत्याचं भरतकाम केलंय, सुईत दोरा अजून चष्मा न लावता ओवतात. आता त्या दुपारचा चहा झाला की गच्चीवर जातात, पदर खोचून खुर्ची घेऊन बसतात आणि कुठलीही फुलाची फांदी न हलवता पराग टेकवतात. मी केलेल्या निळ्या दोऱ्याच्या फुलांतली बरीचशी गळून पडली, त्यांनी केलेल्यांची देठं अजून हिरवी आणि फुगतायत. हाताला गुण असतो म्हणतात तो हाच असावा.

त्या वहीत लिहीत नाहीत, त्यांचा स्वतःचा हिशोब आहे: झाडाच्या बुडाशी खडा ठेवायचा, एक फूल एक खडा. संध्याकाळी मी खडे मोजून वहीत चढवते.

समोरच्या कन्नड अक्का येऊन विचारून गेल्या, "एन माडाकत्तीरी अक्कार?", म्हणजे काय करताय. सासूबाईंनी कन्नड-मराठी मिसळून पूर्ण प्रक्रिया समजावली, परागकोशाला त्यांनी "पावडरची डबी" म्हटलं, जे खरं तर जास्त चांगलं नाव आहे.

पाऊस या महिन्यात जवळजवळ नाहीच. ऊसवाले, भातवाले आकाशाकडं बघून बसलेत आणि मी मनातल्या मनात एकेक कोरडा दिवस मोजतीय. सांगू नये कुणाला.

१७ सप्टेंबर २०२३

लाल दोऱ्याची बोंडं भरपूर आणि टपोरी. निळ्याची कमी, लहान, पण आहेत. पांढरा दोरा, म्हणजे झाकून ठेवलेली, काही न लावलेली फुलं: दोन-तीन बोंडं त्यांनाही धरली, वारा किंवा पिशवीच्या आतल्या आत पराग लागला असणार. ही गोष्ट महत्त्वाची, कारण लाल दोऱ्याच्या बोंडातसुद्धा काही बी स्वतःच्याच परागाचं निघू शकतं. म्हणून संकर आहे की नाही हे फूल आल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येणार नाही.

गणपती दोन दिवसांवर. पोरीनं विचारलं ठिपकेवालीची फुलं आरासात घालू का. घाल म्हटलं, दोरा नसलेली.

२९ ऑक्टोबर २०२३

बोंडं तडकायच्या आधी काढली. तिन्ही कवचं मागं वळली की बी उघडं पडतं आणि मग चिमण्यांचं होतं. रंगीत दोऱ्यासकट कागदी पाकिटात, सावलीत.

बी मधलंच दिसतंय: काळं, पण ठिपकेवालीइतकं गोल नाही. अर्थात यावरनं काही सिद्ध होत नाही, बियांचं बाहेरचं कवच आईचं असतं.

२१ जानेवारी २०२४

पेरणी. यांना फ्रिज दाखवला, फक्त तीन आठवडे. संक्रांतीचे तिळगूळ आणि आयरिसच्या डब्या एकाच कप्प्यात.

१२ मे २०२४

वळवाच्या पावसात गारा पडल्या, गच्चीवरचे दोन ट्रे फाटके. उरलेली रोपं बऱ्यापैकी. पिशव्यांत हलवली.

बेंगळूरहून मैत्रिणीनं अमेरिकेतल्या लुइझियाना आयरिसचा गड्डा पाठवला, हौदाच्या ओव्हरफ्लोच्या चिखलात लावला. ती पाणथळ जागेतली, आम्लधर्मी मातीतली, आपल्या तांबड्या मातीत चालेल असं वाटतंय. मामांनी लगेच विचारलं, हिचं आणि ठिपकेवालीचं लगीन का नाही? नाही होणार मामा. लुइझियानाच्या जाती आपापसात सहज मिसळतात, त्यातल्या फुल्व्हा जातीची गुणसूत्रं ४२ आणि ब्रेव्हिकॉलिस जातीची ४४, तरी या सगळ्या जातींचे नैसर्गिक संकर तिकडच्या दलदलीत इतके होते की १९२०-३०च्या काळात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन स्मॉल यांनी त्यातल्या कितीतरी संकरांनाच वेगवेगळ्या जाती म्हणून नावं दिली. पण ठिपकेवालीचं घराणं त्यांच्यापासून फार लांबचं. नाव आयरिस असलं म्हणून सोयरीक जुळत नाही.

२८ जुलै २०२४

यंदा उलटं. पावसानं झोडपलंय, जिल्ह्यात नद्यांना पूर, घटप्रभेकाठच्या गावांतले पाहुणे आमच्याकडं येऊन राहिलेत. डायकोटोमाचे मूळ आई-गड्डे पत्र्याखाली असूनही नुसत्या दमट हवेनं कुजले, खोड हाताला मऊ लागलं की समजायचं. तशीही ही जात अल्पायुषी आहे, तीन-चार वर्षांपेक्षा जास्त धरून चालत नाही. बी वेळेवर घेतलेलं असल्यामुळं वंश गेला नाही.

संकराची रोपं मात्र उभी. त्याच दमट हवेत, त्याच पत्र्याखाली. हा पहिला पुरावा, की वडिलांचं असो आईचं असो, ठिपकेवालीचं चिवट रक्त आलंय.

गोगलगायी फार. चुन्याची रेघ एका सरीत धुवून जाते, राखेचं तेच. रात्री जेवणं झाली की टॉर्च घेऊन वेचणं, एवढा एकच उपाय खरा.

८ सप्टेंबर २०२४

काल गणपती बसले, आज एफ वनचं, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीचं, पहिलं फूल!

रंग काय सांगू. विटकरी, त्यात जांभळी झाक, कडेला मळकट पिवळं. सासूबाईंचा शेरा: "चहा सांडल्यासारखं." पोरीनं फोटो काढून फिल्टर लावले तरी सुधारला नाही.

पण हे असंच होणार होतं. ठिपकेवालीचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइडचा, तो पेशीतल्या बारीक कणांत बसतो. डायकोटोमाचा जांभळा अँथोसायनिनचा, तो पेशीच्या रसात विरघळलेला. दोन्ही एकाच पाकळीत एकावर एक आले की जांभळा अधिक पिवळा बरोबर तपकिरी, शाळेत रंगपेटीत होतं तसंच. म्हणून एफ वन बघून झाडं उपटून टाकू नयेत. हे रंग वेगवेगळे होतात ते पुढच्या पिढीत.

मी रंगाकडं बघतच नव्हते, घड्याळाकडं बघत होते. फूल उघडलं पावणेअकराला. ठिपकेवाली सात, डायकोटोमा साडेतीन, आणि हे साधारण मधे. मिटलं सातच्या सुमारास. म्हणजे सहाला, मी एरवी घरी येते त्या वेळी, मळकट का असेना, उघडं होतं.

आणि मधली दांडी: ठिपकेवालीसारखी गोल नाही, डायकोटोमासारखी पूर्ण चपटी पाकळी नाही, किंचित रुंदावलेली, टोकाला बारीक तुऱ्याची सुरुवात. आता छातीठोकपणे सांगते, हा संकरच. लाल दोऱ्याच्या काही रोपांना साधी केशरी, सातला उमलणारी फुलं आली, ती स्वतःच्या परागाची. ती अक्कांना देऊन टाकली, त्या खूश.

२२ सप्टेंबर २०२४

एफ वनची एकमेकांशी लग्नं. आता वेळेची कसरत नाही, सगळी अकराच्या मागंपुढं उघडतात. सासूबाईंनी शक्य तेवढी वेगळी भावंडं निवडून जोड्या लावल्या. मामांनी हिरवा दोरा दिला, म्हणाले पुढची पिढी ना, मग हिरवाच.

बोंडं भराभर धरतायत. वांझपणाचं नाव नाही.

१६ फेब्रुवारी २०२५

एफ टूची, म्हणजे एफ वनच्या पोरांची, पेरणी. बी इतकं आहे की गच्चीवर चालायला जागा नाही. इथं हात आखडून चालत नाही, कारण उशिरा उघडायचा गुण एकाच जनुकावर असण्याची शक्यता कमी, बरेच मिळून काम करत असतील, मग केशरी रंग आणि उशिराची वेळ एकाच झाडात एकत्र यायला झाडं जास्त लागतात. पाच-दहा रोपांत ते सापडलं तर ती लॉटरी. आमचे हे म्हणाले, कपडे कुठं वाळत घालायचे तेवढं सांग.

२५ मे २०२५

मे महिन्यातच पावसाळा. रोपं अजून लहान, घाईघाईनं सगळ्या पिशव्या पत्र्याखाली. काही गेली. चालायचंच, कुजणारी आत्ताच गेलेली बरी, मला बेळगावच्या पावसाला टिकणारीच ठेवायचीत.

३१ ऑगस्ट २०२५

एफ टू फुलायला लागली आणि गच्चीवर रोज सकाळी नवीन काहीतरी. एक साधी लिंबू-पिवळी, ठिपका नाही. एक गुलाबीसर, मध्यभागी पिवळी. एक गर्द जांभळी, बारीक पांढरे पट्टे. एक जवळजवळ पांढरी, तिच्यात दोन्ही रंग आलेच नाहीत. चहाच्या रंगाची पण पुष्कळ, ती राहणारच. पोरगी प्रत्येकीला नाव ठेवतीय, मी नंबर.

मामांना जांभळी पट्टेवाली पाहिजे, म्हणाले साडीच्या काठाला असा जांभळा मी कधीच काढू शकलो नाही. देणार, पण फुटवा आल्यावर. बी दिलं तर तो रंग परत येईल याची खात्री नाही, गड्ड्याचा तुकडा म्हणजेच ते झाड.

२१ सप्टेंबर २०२५

रंगावर सगळ्यांचं लक्ष, माझी वही वेळेची. एकेका झाडाचं उघडणं-मिटणं टिपलंय, आठवड्यात दिवसा सासूबाई बघतात, त्यांच्याकडं भिंतीवरचं जुनं घड्याळ आणि खडे. पसारा मोठा आहे: काही आठलाच उघडतात, बरीचशी दहा ते बारा, थोडी दुपारी एकनंतर. ढगाळ दिवशी सगळी अर्धा-पाऊण तास उशिरा उघडतात, म्हणून एकाच दिवसाच्या नोंदीवर विश्वास ठेवायचा नाही, उन्हाच्या दिवशी परत बघायचं. जांभळ्या रंगाची झाडं उशिरा आणि केशरी लवकर असं काही पक्कं जोडलेलं दिसत नाही, आठला उघडणारी जांभळी पण आहे. हे बघून जीव भांड्यात पडला, कारण रंग आणि वेळ एकमेकांना घट्ट बांधलेले असते तर सगळंच मुसळ केरात.

१२ ऑक्टोबर २०२५

सापडली. म्हणजे पूर्ण नाही, पण जवळपास. तिसऱ्या रांगेतली, नंबर ४७. रंग पिवळट केशरी, मूळ ठिपकेवालीइतका भडक नाही, पण लाल ठिपके आहेत आणि ठसठशीत आहेत. उन्हाच्या दिवशी अडीचच्या सुमारास उघडते, रात्री आठपर्यंत टिकते. काल मी, पोरगी, सासूबाई तिघी चहा घेऊन तिच्यासमोर बसलो होतो आणि समोरच्या अक्का आल्या, त्यांना ही बाजारातली वाटली.

दोष लिहून ठेवते: दांडा लांबुळका, वाऱ्याला झुकतो, काठी लावावी लागते. फूल मूळ ठिपकेवालीपेक्षा लहान. एका वेळी एकच फूल उघडतं, ठिपकेवाली दोन-तीन तरी दाखवते.

पुढचं: ४७ ला एकदा स्वतःचाच पराग लावलाय, आणि एकदा मूळ ठिपकेवालीचा, परत सकाळची डबी फ्रिजात ठेवून. स्वतःच्या परागाच्या बियांत तीच वेळ पक्की राहील अशी आशा, ठिपकेवालीच्या क्रॉसमधनं फुलाचा आकार आणि भडक केशरी परत आणायचा, वेळ थोडी लवकरची होईल ते मान्य. दोन्हीची बोंडं फुगतायत, पहिल्याला पिवळा दोरा, दुसऱ्याला लाल-पिवळा एकत्र वळलेला. जानेवारीत ४७ चा गड्डा फोडून एक तुकडा खानापूरला सासूबाईंच्या माहेरी द्यायचाय, एक मामांना जांभळीबरोबर, म्हणजे इथं काही झालं तर झाड दुसरीकडं राहील. लुइझियानाला अजून फूल नाही, पण पानं कंबरेएवढी झालीत आणि हौदाचा चिखल तिनं भरून टाकलाय.

सासूबाई म्हणतात आता अडीचच्या जागी पाच वाजताची काढ, अडीचला मी झोपलेली असते.